एरलांग: न लागलेल्या कॉलचा हिशेब मांडणारा माणूस

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या कंपनीचं व्हिडिओ कॉलिंग अ‍ॅप पाऊण तास बंद पडलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. तसंही चूक कंपनीची नव्हती, माझी होती.

झालं असं, की कॉल जोडणाऱ्या आमच्या लायब्ररीतला एरर हाताळायचा भाग मी लिहिला होता. (लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. वेगवेगळी अ‍ॅप्स तो आपल्यात बसवून घेतात.) आता कॉल न लागण्याची कारणं भरपूर असतात. समोरचा दुसऱ्या कॉलवर असतो, त्याचा फोन बंद असतो, त्याने कॉल कट केलेला असतो, कधी आपणच मायक्रोफोनची परवानगी दिलेली नसते, तर कधी सर्व्हरवर जागा नसते. इंटरनेटवरून कॉल जोडण्याची एसआयपी नावाची नियमावली आहे. तिच्यात या कारणांना वेगवेगळे नंबर दिलेले आहेत. समोरचा बिझी असेल तर ४८६, सध्या उपलब्ध नसेल तर ४८०, त्याने नकार दिला तर ६०३ आणि सर्व्हरला आत्ता झेपत नसेल तर ५०३. या ५०३ सोबत किती सेकंदांनी परत यायचं तेही सर्व्हर कळवू शकतो.

मी काय केलं? या सगळ्यांची एकच मोळी बांधली आणि तिला नाव दिलं, कॉल फेल. कॉल फेल झाला की दोन सेकंदांनी आपोआप पुन्हा प्रयत्न. कोड सुटसुटीत झाला, रिव्ह्यूमध्ये कौतुकही झालं.

मग भाऊबीज आली. लांब राहणाऱ्या बहिणी आणि भाऊ सगळे एकाच वेळी व्हिडिओवर. सर्व्हर भरले आणि त्यांनी नियमाप्रमाणे ५०३ पाठवून थोड्या वेळाने यायला सांगितलं. ते सेकंद माझ्या कोडने वाचलेच नाहीत. प्रत्येक फोन दर दोन सेकंदांनी दार वाजवत राहिला, म्हणजे मिनिटाला तीस वेळा. जे सर्व्हर नुसते भरलेले होते, ते आता नाही म्हणता म्हणताच आडवे झाले. तिकडे नाशिकला माझी ताई औक्षणाचं ताट घेऊन फोनसमोर बसली होती. तिच्या स्क्रीनवर माझेच दोन शब्द येत होते. तिला वाटलं, मीच फोन उचलत नाहीये.

दुसऱ्या दिवशी टीममधल्या सीनियर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की भाऊबीज म्हणजे साधारण किती एरलांग? मला प्रश्नच कळला नाही. एरलांग नावाची प्रोग्रामिंग लँग्वेज आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर त्या लँग्वेजवर चालतात, एवढं ऐकून माहीत होतं. पण एरलांग हे मोजमाप आहे आणि त्याआधी ते एका माणसाचं आडनाव आहे, हे मला इंजिनियरिंगची डिग्री घेऊनही ठाऊक नव्हतं. त्या माणसाबद्दल तेव्हापासून मी जे मिळेल ते वाचत आलोय. आजची गोष्ट त्याची.

आग्नेर क्रारुप एरलांग १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या खेड्यात जन्मला. वडील गावच्या शाळेचे मास्तर, शिवाय चर्चमधलं लहानमोठं काम बघायचे. आईच्या घराण्यात धर्मगुरू बरेच होते. लहानपणीचा एक किस्सा मला फार आवडतो. संध्याकाळी आग्नेर आणि त्याचा मोठा भाऊ फ्रेडरिक एकच पुस्तक वाचायला बसायचे. पुस्तक सरळ असायचं ते फ्रेडरिकच्या बाजूने, हा समोर बसायचा. त्यामुळे आग्नेर उलटी अक्षरं वाचायला शिकला.

चौदाव्या वर्षी त्याने कोपनहेगन विद्यापीठाची एक परीक्षा दिली. त्या परीक्षेसाठी वय कमी पडत होतं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. चांगल्या गुणांनी पास होऊन तो गावी परतला आणि वडिलांच्याच शाळेत दोन वर्षं हाताखालचा मास्तर म्हणून शिकवू लागला. १८९६ मध्ये त्याला कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळाली. १९०१ मध्ये गणितात एमए केलं, सोबत खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. पुढची सात वर्षं पुन्हा शाळामास्तर. म्हणजे तिशीपर्यंत या माणसाचा टेलिफोनशी काही संबंध नव्हता. (तिशी जवळ आलेल्या आणि अजून काय करायचं हे न ठरलेल्या माझ्या मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवतो.)

संबंध आला तो गणिताच्या नादातून. कोपनहेगनमधल्या गणित मंडळाच्या बैठकांना एरलांग नेमाने जायचा. तिथे योहान येन्सन यायचे. कॉलेजात ज्यांनी येन्सनची असमानता शिकली असेल, ते हेच. पोटापाण्यासाठी मात्र ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनियर होते आणि गणित घरी फावल्या वेळात करायचे. त्यांनी एरलांगची ओळख कंपनीचे संचालक फ्रिट्झ योहान्सन यांच्याशी करून दिली. योहान्सनना एक प्रश्न सतावत होता आणि त्याला गणिताने हात घालता येईल असं त्यांना वाटत होतं. १९०८ मध्ये एरलांग कंपनीत रुजू झाला.

प्रश्न असा होता. त्या काळी फोन जोडायला एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मुली बसायच्या. एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या लाइन मोजक्याच. सगळ्या लाइन वापरात असल्या की पुढच्या माणसाला नाही म्हणावं लागे किंवा थांबवून ठेवावं लागे. लाइन वाढवल्या तर तांबं, खोदाई, मुलींचे पगार, सगळा खर्च. नाही वाढवल्या तर गिऱ्हाइकांच्या तक्रारी. मग किती लाइन टाकायच्या? आणि किती मुली बसवायच्या?

तुमच्या आमच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते सरासरीचं उत्तर. एका वेळी सरासरी दहा जण बोलत असतात ना, मग दहा लाइन टाका. एरलांगने इथेच बोट ठेवलं. कॉल काही रांगेत उभे राहून एकामागोमाग येत नाहीत. कोणी कोणाला विचारून फोन करत नाही. कधी पाच मिनिटं शांतता, तर कधी एकाच मिनिटात आठ जण. १९०९ मध्ये त्याने पहिला लेख लिहून दाखवून दिलं, की असे एकमेकांशी संबंध नसलेले कॉल पॉइसन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या वितरणाप्रमाणे वागतात. म्हणजे पुढचा कॉल नेमका कधी येईल ते सांगता येत नाही, पण तासाभरात किती वेळा गर्दी उसळेल ते मात्र सांगता येतं.

मग १९१७ मध्ये तो प्रसिद्ध लेख आला. तेव्हा ऑपरेटर मुलींच्या जागी आपोआप चालणारी एक्स्चेंज येऊ लागली होती. मुलगी असली तर ती परिस्थिती बघून दोन शब्द बोलू शकते, अमुक माणूस बोलतोय, जरा वेळाने करा. यंत्राला काय करायचं हे आधीच ठरवून द्यावं लागतं. जागा नसलेल्या कॉलचं काय करायचं याचे दोन मार्ग एरलांगने वेगळे केले. एक, त्याला तिथल्या तिथे परत पाठवा. दोन, त्याला रांगेत उभं करा. दोन्हींची सूत्रं त्याने वेगवेगळी दिली. पहिल्यात प्रश्न असतो की शंभरातले किती परत जातील. दुसऱ्यात प्रश्न असतो की किती जणांना थांबावं लागेल आणि किती वेळ. आज इंजिनियर त्यांना एरलांग बी आणि एरलांग सी म्हणतात. तुम्ही कस्टमर केअरला फोन लावून ती न संपणारी ट्यून ऐकता ना, तिथे किती माणसं बसवायची हे ठरवताना आजही सी वापरतात.

बी मात्र तुम्ही आत्ता, फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघू शकता. त्याआधी माप समजून घेऊ. एक लाइन तासभर सलग वापरात राहिली, तर तो एक एरलांग भार. तीन मिनिटांचे वीस कॉल म्हणजे साठ मिनिटं, म्हणजे तासाला एक एरलांग. आता या एक एरलांगसाठी लाइन टाकत जाऊ. सुरुवात १ ने करा, कारण एकही लाइन नसेल तर शंभर टक्के कॉल परत जाणार. पुढच्या प्रत्येक पायरीला आधीचं उत्तर भाराने गुणायचं, आणि त्या गुणाकाराला लाइनची संख्या अधिक तोच गुणाकार, या बेरजेने भागायचं. एक लाइन असेल तर १ भागिले २, म्हणजे ५० टक्के कॉल परत. सरासरीच्या हिशेबाने बरोब्बर पुरायला हवी होती ती लाइन निम्म्या लोकांना नाही म्हणते! दोन लाइनला ०.५ भागिले २.५, म्हणजे २० टक्के. तीनला ६.२५ टक्के. चारला साधारण दीड टक्का. पाचला टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. आणि शून्य? शून्य कधीच येत नाही. कितीही लाइन टाका, शून्य येत नाही.

हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो. माझ्या डोक्यात एरर म्हणजे अपघात होता. घडू नये, घडलाच तर पटकन झाकावा. या माणसाने शंभर वर्षांपूर्वी न लागणारा कॉल हा व्यवस्थेचाच भाग धरला, त्याला स्वतःचा आकडा दिला, आणि प्रश्न असा मांडला की तुम्हाला शंभरातले किती परत गेलेले चालतील ते आधी सांगा, मग लाइन किती लागतील ते मी सांगतो.

आणखी एक गंमत याच सूत्रातून निघते. समजा दहा गावं आहेत, प्रत्येकाचा भार एक एरलांग, आणि शंभरातला एकापेक्षा जास्त कॉल परत जायला नको. प्रत्येक गावाला वेगळ्या लाइन दिल्या तर गावाला पाच, म्हणजे एकूण पन्नास लागतील. तेच दहा गावांचा दहा एरलांग भार एकत्र केला, तर अठरा लाइनमध्ये काम होतं. कारण सगळ्या गावांना एकाच मिनिटाला उचकी लागत नाही. क्लाउडचे सर्व्हर सगळ्यांनी मिळून वापरणं स्वस्त का पडतं, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही गणित आहे.

एरलांग नुसता कागदावरचा माणूस होता असं मात्र समजू नका. त्याला प्रयोगशाळेचा प्रमुख केलं होतं, पण सुरुवातीला हाताखाली माणसंच नव्हती. जमिनीत झिरपणाऱ्या विजेच्या प्रवाहांची मोजमापं त्याला स्वतः करावी लागायची. असे प्रवाह केबलचं शिशाचं आवरण खातात. त्यामुळे हा गणिताचा एमए कोपनहेगनच्या रस्त्यांवर शिडी घेतलेल्या एका कामगारासोबत फिरताना दिसायचा, आणि मॅनहोलचं झाकण उघडून आत उतरायचा. सर्व्हर रूममध्ये कधी पाऊल न टाकता सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे वाचून थोडं ओशाळावं.

लिहायचा मात्र अगदी तुटक. लेख छोटे, काही ठिकाणी सिद्धता गाळलेली. तरी त्याच्या सूत्रांची कीर्ती डेन्मार्कबाहेर गेली. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने, म्हणजे तिथलं टेलिफोन खातं ज्यांच्याकडे होतं त्यांनी, ती आपल्या हिशेबांसाठी घेतली. अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या एका संशोधकाने त्याचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकून घेतली, असं सांगतात. (डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे म्हणून कुरकुर करणारे आपण!)

त्याच्या खासगी आयुष्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. लग्न केलं नाही. गणित, खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र यांची पुस्तकं जमवायचा. अडलेल्या माणसांना मदत करायचा, तीही कोणाला न सांगता, त्यामुळे गरजू लोक त्याचं ऑफिस शोधत यायचे. कंपनीत जवळपास वीस वर्षं काढली आणि त्या काळात आजारपणाची एकही रजा घेतली नाही म्हणतात. मला हे काही फार कौतुकाचं वाटत नाही, पण तो तसा होता. जानेवारी १९२९ मध्ये मात्र पोटाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये जावं लागलं. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी तो गेला. वय ५१.

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने भाराच्या एककाला त्याचं नाव दिलं. व्होल्ट, वॅट, अँपिअर यांच्या पंक्तीत एरलांग.

लँग्वेजची गोष्ट त्यानंतर चाळीस वर्षांनी, शेजारच्या स्वीडनमध्ये घडली. १९८६ च्या सुमारास एरिक्सन कंपनीत ज्यो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स टेलिफोन एक्स्चेंजसाठी नवी लँग्वेज बनवत होते. एक्स्चेंज बंद करून दुरुस्त करता येत नाही, हजारो लोक त्यावर बोलत असतात. लँग्वेजला त्यांनी एरलांगचं नाव दिलं. त्यात एरिक्सन आणि लँग्वेज या शब्दांची सुरुवातही बसते, हा बोनस. या लँग्वेजमध्ये प्रत्येक कॉल आपल्या वेगळ्या छोट्या प्रोसेसमध्ये चालवता येतो. एक कोसळला तर शेजारच्याला धक्का नाही. वर लक्ष ठेवायला सुपरवायझर नावाची प्रोसेस असते, ती कोसळलेल्याला पुन्हा उभं करते. आणि तिथल्या फंक्शन्सची उत्तर द्यायची रीत मला सगळ्यात आवडते. काम झालं तर ओके आणि सोबत उत्तर. नाही झालं तर एरर, आणि सोबत कारण. कारणाशिवाय नुसता एरर द्यायचा नाही, अशी तिथली पद्धत आहे. सुपरवायझरलाही मर्यादा घालून दिलेली असते. ठरलेल्या वेळात ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा एखादी प्रोसेस कोसळली, तर तो पुन्हा पुन्हा उठवत बसत नाही. स्वतः थांबतो आणि प्रश्न वरच्याकडे सोपवतो.

म्हणजे माझ्या दोन्ही चुका तिथे आधीच टाळून ठेवलेल्या होत्या.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येतो. भाऊबीज म्हणजे किती एरलांग हे काढायला आम्हाला गर्दीच्या तासातले कॉल आणि कॉलची सरासरी लांबी हवी होती. आकडे लॉगमध्ये होते, पण काढता येईनात. माझ्या लायब्ररीने ४८६, ४८० आणि ५०३ यांना एकच नाव दिल्यामुळे, किती लोक खरंच बिझी होते आणि किती आमच्या सर्व्हरवरून परत गेले, हे वेगळं करता येईना. त्यात माझ्या रिट्रायमुळे एकच माणूस शंभर वेळा मोजलेला. एरलांगच्या बी सूत्रात गृहीत धरलंय, की परत गेलेला माणूस लगेच पुन्हा येत नाही. आम्ही ते गृहीतच मोडलं होतं. ५०३ सोबत आलेले सेकंद ही सर्व्हरने रांगेत उभं राहायला दिलेली जागा होती, आणि मी ती चिठ्ठी न वाचता फेकत होतो.

जुन्या लँडलाइनवर हा फरक कानाला कळायचा. समोरचा बोलत असेल तर एंगेजचा संथ टूँ-टूँ, आणि मधल्याच लाइन भरलेल्या असतील तर तोच आवाज जलद. घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. या मार्गावरच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत असं सांगणारी ती रेकॉर्ड केलेली बाईही त्यांना आठवत असेल. ती ऐकून कोणी समोरच्या माणसावर रुसत नसे.

मग मी मोळी सोडली. त्याला तीन आठवडे लागले, कारण एकदा एरर एकत्र केले की त्यावर बाकीच्यांनी उभारलेला कोडही सोडवावा लागतो. आता आमच्या लायब्ररीत एररचे तीन गट आहेत. पहिला, माणसाशी संबंधित: बिझी, नकार, उचलला नाही. इथे आपोआप रिट्राय नाहीच, तो माणसाने ठरवायचा. दुसरा, याच फोनशी संबंधित: मायक्रोफोनची परवानगी नाही, कॅमेरा सापडत नाही, कॅमेरा दुसरं अ‍ॅप वापरतंय. इथे रिट्राय करून उपयोग नाही, नेमकी कुठली सेटिंग बदलायची ते दाखवायचं. तिसरा, वाटेशी संबंधित: नेटवर्क गेलं, सर्व्हर भरला. फक्त इथेच रिट्राय. सर्व्हरने सेकंद सांगितले असतील तर तेवढं थांबून, नाहीतर प्रत्येक वेळी थांबणं दुप्पट करत. आणि त्यात थोडा इकडचा तिकडचा वेळ मिसळायचा, म्हणजे सगळे फोन एकाच ठोक्याला परत येत नाहीत. पाच प्रयत्नांनंतर थांबायचं. प्रत्येक एररसोबत मूळ नंबर जपून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी हिशेब करता येतो.

पुढच्या भाऊबीजेला आम्ही आधी एरलांग काढले, मग मॅडमनी मॅनेजरला विचारलं की शंभरातले किती परत गेलेले चालतील. त्याने अर्थातच शून्य म्हटलं. मग त्याला कॅल्क्युलेटर दिला. शेवटी एकावर तडजोड झाली आणि त्याप्रमाणे सर्व्हर घेतले.

त्या एकातच आमची ताई निघाली. तिच्या स्क्रीनवर आलं, की सध्या लाइन भरल्या आहेत, २० सेकंदांनी आपोआप जोडतो. तिने निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद केला आणि थांबली. कॉल लागला तेव्हा मी ऑफिसात डॅशबोर्डसमोर होतो, कपाळाला टिळा लावायला कोणी नव्हतं, म्हणून तिने स्क्रीनलाच लावला. तो कुंकवाचा डाग तिच्या फोनच्या स्क्रीनगार्डच्या कडेला अजून आहे, आणि ओवाळणीत तिने नवं स्क्रीनगार्ड मागून घेतलंय.